आठशे वीस

छापील कागदाच्या तळाशी, मुंगीएवढ्या अक्षरांत, एक फुली होती आणि फुलीपुढे लिहिलं होतं : नऊ दिवसांच्या काळात तपासलेले अठ्ठावीस रुग्ण तांत्रिक कारणांमुळे अभ्यासातून वगळले आहेत. मी ते वाक्य वाचलं तेव्हा सकाळचे साडेनऊ वाजले होते, सेंट्रिफ्यूज फिरत होतं आणि माझ्या डाव्या हातात कुणाचं तरी रक्त होतं. निळ्या बुचाची नळी, रेघेपर्यंत भरलेली. ती मी स्टँडमध्ये नीट उभी केली. एवढं भान राहिलं याचं मला नंतर नवल वाटलं, कारण तोवर तळपायाची आग मस्तकात गेली होती. वगळले म्हणे. डाळीतले खडे वगळतात, निबंधातली चुकीची ओळ वगळतात. अठ्ठावीस माणसं वगळली आणि वर तांत्रिक कारणांमुळे. त्या अठ्ठाविसांत माझा धाकटा भाऊ आहे. त्याला आम्ही घारू म्हणायचो, डोळे घारे म्हणून. तो लिफ्ट दुरुस्त करायचा. साथीच्या दुसऱ्या लाटेत, ताप आल्यापासून पाचव्या दिवशी दुपारी तो गेला, आणि आता तीन वर्षांनी तो एका फुलीच्या मागे जाऊन बसला होता.

कागद सरांनी पाठवला होता. सर म्हणजे आमच्या हॉस्पिटलच्या औषध विभागाचे प्रमुख. साथीच्या काळात आलेल्या हजारोंपैकी चारशे बारा रुग्णांची जी पूर्ण माहिती जमली तिच्यावरून त्यांनी निबंध लिहिलाय. विषय असा की या विषाणूच्या आजारात रक्त गोठण्याच्या खुणा पाहून रुग्णाचं पुढे काय होणार हे आधी सांगता येतं का. येतं, असं निबंध म्हणतो. बारा पानं येतं येतं म्हणतो. तपासण्या लॅबच्या, म्हणून लॅबमधून माझं नाव लेखकांच्या यादीत शेवटून दुसरं. सोबत एक फॉर्म होता, मी काय काम केलं ते एका चौकटीत लिहून सही करायची आणि दुपारी बारापर्यंत परत पाठवायचा. बरोबर चिठ्ठी : ‘मॅडम, आकडे एकदा डोळ्यांखालून घाला.’ घातले. चौथ्या पानावर एक आकृती आहे. आडव्या रेषेवर डी-डायमरचा आकडा, उभ्या रेषेवर मरणाचं प्रमाण. डावीकडून रेघ अगदी शहाण्या मुलीसारखी वर चढत जाते, हजारापाशी जरा थबकते आणि मग सरळ उभी होते. कुठे अडखळ नाही. इतकी देखणी रेघ मी माझ्या सत्तावीस वर्षांच्या नोकरीत पाहिली नाही. देखणी असणारच. जी माणसं आकडा लहान असताना मेली तीच काढून टाकल्यावर रेघेला वाकडं व्हायला कारण काय उरलं?

बाहेरच्या माणसाला मी ही तपासणी कशी सांगते तर अशी. शरीरात कुठे रक्ताची गुठळी झाली की शरीर ती विरघळवायला घेतं. विरघळताना तिचे बारीक तुकडे रक्तात सुटतात. ते तुकडे मोजायचे, बस. तुकडे जास्त म्हणजे आत गुठळ्या जास्त. साथीत लोकांचं लक्ष तापाकडे आणि खोकल्याकडे असायचं, आणि माणसं जायची ती फुप्फुसात अडकलेल्या गुठळीने. बाहेर बाकावर बसून कुणी शेजाऱ्याशी भांडत असायचा, खिडकी उघडा म्हणून, आणि आत माझ्या पडद्यावर त्याचा आकडा यायचा चार हजार. भांडणाऱ्याचं काय होणार ते मला कळलेलं असायचं, त्याला नाही. हे कळणं काही चांगलं नसतं. पहिल्या महिन्यात मी घरी जाऊन भांडी आपटायचे, दुसऱ्या महिन्यात तेही बंद झालं. वॉर्डचा नियम सोपा होता, घाईत सगळ्यांना पाठ व्हावा म्हणून सोपा केलेला : हजार. हजाराच्या वर आकडा असेल तर वरच्या मजल्यावर खाट आणि पोटात रक्त पातळ करायचं इंजेक्शन. हजाराच्या खाली असेल तर गोळ्या घ्या, घरी जा, तीन दिवसांनी या. खाटा होत्या साठ आणि दारात माणसं तीनशे, तेव्हा असा नियम लागतोच. नियमावर माझा राग नाही. म्हणजे होता, बरेच महिने मी तो त्याच्यावर काढून पाहिला, पण तिथे तो टिकला नाही.

मग आमचं किट संपलं. ऐन तडाख्यात. भांडारातून दुसऱ्या कंपनीचा खोका आला, कारण जे मिळेल ते घ्यायचे दिवस होते. खोक्यात चार घड्या घातलेला माहितीचा कागद असतो, तो कुणी वाचत नाही. मी वाचते. मला तशी खोड आहे. त्यात लिहिलं होतं की आमचं मोजमाप वेगळं आहे, दुसऱ्या पद्धतीच्या साधारण निम्मं येतं. म्हणजे जुन्या किटवर ज्या रक्ताचा आकडा हजार आला असता, त्याच रक्ताचा आता पाचशे येणार. रक्त तेच, गुठळ्या त्याच, आकडा तेवढा अर्धा. मी कंट्रोल, म्हणजे ज्याचा आकडा आधीच माहीत असतो तो नमुना, लावून पाहिला, खरंच निम्मा आला. मी रजिस्टरमध्ये तारीख घालून लाल शाईने नोंद केली. रिपोर्टच्या तळाशी मोजमापाची तीन अक्षरं असतात ती बदलली. एक कागद लिहिला, ‘किट बदलले आहे, आकडा निम्मा येईल, हजाराऐवजी पाचशे धरावे’, आणि लॅबच्या काचेवर चिकटवला. वॉर्डात फोन केला. पलीकडे कुणीतरी त्या बंद पोशाखाच्या आतून, विहिरीतून बोलल्यासारखं म्हणालं, “हो हो, सांगते.” मी फोन ठेवला. काम झालं. नऊ दिवस ते किट चाललं, दहाव्या दिवशी जुनं आलं आणि काचेवरचा कागद मी स्वतःच काढला. चिकटपट्टीचा डाग अजून आहे. स्पिरिटने जात नाही.

आज त्या डागाकडे बघताना मला घारूची पाटी आठवली. लिफ्टचं काम काढलं की तो प्रत्येक मजल्यावर पाटी लावायचा, ‘काम चालू आहे, दार उघडू नये’. इमारत चार मजल्यांची असो की चौदा. त्याच्या बरोबरीचे लोक हसायचे. खाली एक पाटी लावली की झालं, म्हणायचे, लोक खालूनच तर चढतात. घारू म्हणायचा, “ताई, खालच्याला पाटी दिसते. वरचा माणूस पाटी बघायला खाली येतो का? तो सरळ दार उघडतो आणि पाय टाकतो. आत खोलीच नसते.” त्याने स्वतःच्या हाताने पत्र्याच्या पाट्या रंगवल्या होत्या. अक्षर गिचमिड, पण पाट्या मोजून पंधरा. मला तेव्हा त्याचं हे सगळं जरा अतीच वाटायचं. लहानपणी हाच मुलगा चपला उलट्या घालून शाळेत गेला होता आणि संध्याकाळपर्यंत त्याला कळलं नव्हतं. माणूस एखाद्याच गोष्टीत काटेकोर असतो बहुतेक. मी सगळ्याच गोष्टींत आहे असा माझा समज होता, आणि लॅबमध्येही सगळ्यांचा.

साडेदहाला मी कागद आणि फॉर्म घेऊन सरांच्या खोलीत गेले. दार ढकलताना मी ठरवलं होतं की ओरडायचं नाही. सर संगणकावर काहीतरी वाचत होते. चष्मा कपाळावर, चहा निवलेला. ते वाईट नाहीत. साथीत चौदा महिने त्यांनी दर पंधराव्या दिवशी घर पाहिलं असेल. पण मला त्या घडीला त्यांचा निवलेला चहासुद्धा ढोंगी वाटला.

“हे अठ्ठावीस कुठे गेले?” मी विचारलं.

त्यांनी चष्मा खाली घेतला. “किट वेगळं होतं ना. तुमच्याच रजिस्टरात आहे, लाल शाईत. ते पाहूनच तर वगळले. दोन वेगळ्या मापांचे आकडे एकत्र करता येत नाहीत, मॅडम. तुम्हाला मी काय सांगणार.”

“दोनने गुणा.”

“तसं नुसतं गुणून चालत नाही. कुणीही हाणून पाडेल.”

हे खरं होतं. ते खरं होतं म्हणून मी जास्तच भडकले. मी म्हटलं, “गुणू नका. पण ते मेले का, हे तरी लिहा. आकडा निम्मा येत होता आणि वॉर्ड हजारच धरत होता. ज्यांना इंजेक्शन मिळायला हवं होतं ते घरी गेले. तुमचा निबंध म्हणतो की आकड्यावरून पुढचं कळतं. अहो, कळलं होतं की! रक्त सांगत होतं. ऐकणारे बहिरे होते. हे एक पान लिहा ना, बाकीच्या अकरा पानांपेक्षा तेच कुणाच्या तरी कामाला येईल. कुठल्यातरी दुसऱ्या हॉस्पिटलात आजही किट बदलत असेल.”

सरांनी संगणकाचा पडदा बंद केला. मग म्हणाले, “अठ्ठाविसांतले अकरा गेले.”

“हे तुम्ही कधी मोजलंत?”

“गेल्या वर्षी. घरोघर फोन करून माहिती काढली तेव्हा.”

गेल्या वर्षी. म्हणजे गेलं वर्षभर हा माणूस मला जिन्यात भेटतोय, कशा आहात विचारतोय, आणि त्याच्या कपाटात अकरा आहेत. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात ती ही. मी टेबलावरचा पेपरवेट हातात घेतला. फेकणार नव्हते, पण घेतला. सर त्याच्याकडे बघत हळू आवाजात म्हणाले, “त्यात तुमचा भाऊ होता ना. मला वाटलं, तुम्हाला पुन्हा ते नको. आणि हे लिहायचं झालं तर पूर्ण लिहावं लागेल. वॉर्डाने पाहिलं नाही, हे लिहावं लागेल. मी तेव्हा वॉर्डाचा प्रमुख होतो, ते लिहावं लागेल. सूचना कुठे लावली होती, रिपोर्ट कोणी सोडले, तेही येईल. तयार आहात?”

त्यांनी ते धमकी म्हणून विचारलं नव्हतं. थकलेला माणूस विचारतो तसं विचारलं होतं. आणि माझ्या तोंडातून चटकन हो निघालं नाही. तीन वर्षं मी ज्याच्या त्याच्या अंगावर धावून जातेय, भांडारवाल्याशी बोलणं टाकलंय, फोनवर ‘हो हो, सांगते’ म्हणणारी ती कोण होती हे शोधायला ड्यूटीचे जुने तक्ते उपसलेत, नवऱ्याने एकदा जेवताना म्हटलं की आता पुरे, तर ताटावरून उठलेय. लोक म्हणतात, भावाच्या दुःखाने बाई कडवट झाली. माझंही तेच म्हणणं होतं. पण सरांच्या त्या खोलीत, पेपरवेट हातात धरून, मला हो म्हणता येईना, कारण रिपोर्ट कोणी सोडले या प्रश्नाच्या मागे आणखी एक गोष्ट उभी होती. ती कुठल्याही रजिस्टरात नाही. ती मला एकटीला माहीत आहे.

नव्या किटचा तो सातवा दिवस होता. घारूला चार दिवस ताप. मीच त्याला बोलावून घेतलं आणि रक्तही मीच काढलं. तो खुर्चीत बसून म्हणाला, “हळू गं ताई, मी लिफ्ट नाही.” मास्कच्या वर त्याचे घारे डोळे हसत होते, पण पापण्या सुजलेल्या. नळी रेघेपर्यंत भरली. फिरवली. मशीनला लावली. बारा मिनिटं मी त्या पडद्यासमोरून हलले नाही. रोज शेकडो लोकांचे आकडे बघणारी मी, त्या दिवशी सेकंद मोजत होते. मनात एकच घोष चालला होता, हजाराच्या खाली येऊ दे, हजाराच्या खाली येऊ दे. आणि आला. आठशे वीस. मी खुर्चीत मागे टेकले. किती दिवसांत इतकं मोकळं वाटलं नव्हतं. मी काचेपाशी जाऊन बाहेर बसलेल्या घारूला अंगठा दाखवला, ओरडून म्हटलं, “हजाराच्या खाली आहेस. काही नाही. जा घरी, झोप.” ज्या काचेतून ओरडले तिच्यावर, माझ्या कपाळापासून एक वीत वर, माझ्याच अक्षरातला कागद चिकटवलेला होता. हजाराऐवजी पाचशे धरावे. तो कागद मी लिहिला होता, खोक्यातला घड्यांचा कागद मी एकटीने वाचला होता, साऱ्या हॉस्पिटलात हे पक्कं माहीत असणारी मी एकटी होते. आणि मी हजार धरला. खाली रुग्ण तपासणाऱ्या डॉक्टरनेही रिपोर्ट बघून हजार धरला, पण त्याला माहीत नव्हतं. मला माहीत होतं. बहीण म्हणून मी जो आकडा मागत होते तो मिळाला आणि मी तो घेतला, उलटून पाहिला नाही. जुन्या मापात तो सोळाशे चाळीस होता.

मी पेपरवेट खाली ठेवला. फॉर्म सरांच्या टेबलावर पसरला आणि माझ्या कामाच्या चौकटीत लिहिलं : ‘तपासण्या केल्या. किट बदलल्याची सूचना फक्त लॅबच्या काचेवर लावली, वॉर्डात प्रत्यक्ष जाऊन लावली नाही. एक रिपोर्ट, आकडा ८२०, मी स्वतः चुकीचा वाचला व रुग्णाला घरी पाठवले.’ खाली सही, तारीख. चौकट छोटी होती, शेवटची ओळ समासात गेली. सरांनी वाचलं. दोनदा वाचलं. “हे असं छापता नाही येणार,” ते म्हणाले.

“मग माझं नावही छापू नका.”

“मॅडम, तुम्ही तेव्हा दिवसाला सोळा तास—”

“मला माहितीये मी किती तास. माझी वकिली करू नका. वर्षभर केलीत, पुरे झाली.” हे मी ओरडून म्हटलं. बाहेरच्या बाकांवरची माणसं बघायला लागली. मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि निघाले. फॉर्मचं ते काय करणार ते त्यांचं त्यांना. पण कुठेतरी एका कागदावर ते एकदा लिहिलं गेलं होतं, आणि ज्या माणसाला ते आधी सांगायला हवं होतं त्याला मी ते अजून सांगितलं नव्हतं.

तो माणूस म्हणजे माझी भावजय. ती सकाळी बेकरीच्या गल्ल्यावर असते, बारानंतर घरी. रस्त्याने चालताना माझे पाय दुकानांच्या पाट्या मागे टाकत होते आणि डोकं तीन वर्षांपूर्वीच्या त्यांच्या जिन्यात उभं होतं. घारू आठशे वीस घेऊन घरी गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांच्या इमारतीची लिफ्ट अडकली. तिसऱ्या मजल्यावरच्या म्हाताऱ्यांना डायलिसिसला न्यायचं होतं, त्यांची सून रडत आली. भावजय घारूला म्हणाली, “बरं वाटत असेल तर बघता का जरा?” घारू म्हणाला, “ताई म्हणालीये काही नाही,” आणि हत्यारांची पिशवी घेऊन गच्चीवरच्या मशीनच्या खोलीत गेला. तासाभरात लिफ्ट सुरू केली, म्हाताऱ्यांना खाली पाठवलं, मग स्वतः तिच्यातून चौथ्या मजल्यावर आला, दार सरकवलं आणि उंबऱ्यात कोसळला. मला फोन आला तेव्हा मी पिपेट हातात धरून उभी होते. ऐकलं मात्र आणि मला कळलं. रिक्षाबिक्षा शोधायच्या आधी, रडू यायच्या आधी कळलं. निम्मा. मी हजार धरला. हे कळून मी त्यांच्या घरी पोचले. जिन्यात माणसं, दारात माणसं, चौदा वर्षांची माझी भाची बुटांच्या कपाटाला टेकून उभी, आणि मधोमध भावजय, हातात घारूची एक चप्पल. मी सगळ्यांदेखत तिला म्हटलं, “तुला कोणी सांगितलं होतं त्याला वर पाठवायला? आजारी माणसाला?”

बस, एवढंच. पुढे काही बोलले नाही, बोलायची गरजच पडली नाही. तिने मान खाली घातली ती आजतागायत वर केली नाही. लोक कुजबुजले, आणि मग ते सगळ्यांचंच म्हणणं झालं. लॅबमध्ये एवढी वर्षं काढलेल्या नणंदेने म्हटलंय म्हणजे ते खरंच असणार. बाईने नवऱ्याला तापात जिने चढायला लावले. भाची त्या दिवसापासून लिफ्टमध्ये पाय ठेवत नाही, चार मजले चढते-उतरते, आणि आईशी कामापुरतं बोलते. दर दिवाणखान्यात, दर समारंभात मी गप्प बसून हे ऐकलं. भावजयच सगळ्यांना सांगायची की ताईंनी फार केलं हो, ताईंनी स्वतः तपासणी केली, रिपोर्ट तर चांगला होता. चोर सोडून संन्याशाला फाशी. आणि चोर समोर बसून चहा पीत होता.

इमारतीच्या दारात आले तर लिफ्टला पाटी. ‘काम चालू आहे, दार उघडू नये.’ घारूचं गिचमिड अक्षर. मी चरकलेच. मग पाहिलं, शेजारी एक अनोळखी मेकॅनिक तारा काढून बसला होता. म्हणाला, महिन्याची सर्व्हिस आहे, जिन्याने जा. मी पाटीकडे बोट दाखवलं. तो म्हणाला, “ती चौथ्या मजल्यावरच्या बाई लावतात. मी आलो की स्वतः येऊन प्रत्येक मजल्यावर लावून जातात, काम झालं की काढून नेतात. ऐकतच नाहीत.” पहिल्या मजल्यावर पाटी होती. दुसऱ्यावर होती, सुतळीची गाठ पक्की. तिसऱ्यावर होती. मी कठडा धरून चढत होते आणि इतकी चिडले होते की श्वास पुरेना, आणि यावेळी राग कुणावर आहे हे शोधायला कुठे जावं लागत नव्हतं. चौथ्या मजल्यावरही पाटी होती. बेल वाजवली.

तिने दार उघडलं. हाताला पीठ नव्हतं, काही नव्हतं, पण तिने सवयीने हात पदराला पुसले. “ताई? आत्ता? सुट्टी आहे का? या ना, बसा, पाणी आणते.”

“बसत नाही. अगं, ऐक. घारूचा आकडा आठशे वीस नव्हता.”

तिला कळलं नाही. कसं कळेल? मी दारातच उभी राहून सांगितलं. किट सांगितलं, निम्मं सांगितलं, काच सांगितली, अंगठा सांगितला. कुठे फाटे फोडले नाहीत. मधेच तिने दाराची कडी धरली. मी थांबले तेव्हा ती माझ्या पायांकडेच बघत होती.

“म्हणजे ते वर गेले नसते तरी?” तिने विचारलं.

“गुठळी आदल्या दिवशीच होती. माझ्या नळीत तिचे तुकडे होते. इंजेक्शन मिळालं असतं तर कदाचित राहिला असता. कदाचित नसताही. पण तू पाठवलंस म्हणून ती झाली नाही.”

“हे तुम्हाला कधी कळलं?”

“त्याच दिवशी. फोन आला तेव्हाच.”

तिने मान वर केली. तीन वर्षांत पहिल्यांदा मी तिचे डोळे नीट पाहिले. त्यांत पाणी नव्हतं. “मग मला का बोललात?”

“तू समोर होतीस,” मी म्हटलं. दुसरं काही कारण नव्हतंच, आणि शोधलं असतं तर खोटं बोलावं लागलं असतं. मला वाटलं ती आता दार लावेल. लावायलाच हवं होतं. मला तसं झालं असतं तर बरं वाटलं असतं, खरं सांगते, कारण मग मी जिना उतरून गेले असते आणि उरलेलं आयुष्य तिच्या बंद दारावर काढलं असतं. तिने दार लावलं नाही. उलट पूर्ण उघडलं, भिंतीला टेकेपर्यंत.

“आत या,” ती म्हणाली. आवाज मोठा नव्हता पण मी तो कधी ऐकलेला नव्हता. “ती घरात आहे. क्लासला निघायचीये. तिला बोलावते. मला बोललात तेव्हा ती तिथे होती, या कपाटाशी. आता तिच्यासमोर सांगा. सगळं. मला सांगितलंत तसं आटपून नाही, पहिल्यापासून.”

ती आत गेली आणि भाची बाहेर आली, खांद्याला बॅग, एका कानात इअरफोन, नजर आईला चुकवत. सतरा वर्षांची झालीये. डोळे घारे आहेत. “काय झालं आत्या?” ती म्हणाली. भावजय तिच्या मागे भिंतीला टेकून उभी राहिली, हात पदराला न पुसता.

“तुझ्या बाबाचं रक्त मी काढलं होतं,” मी म्हटलं. “तो कान मोकळा कर आणि ऐक.”